गेरूची फुली

वास घेतल्याशिवाय मिस्त्री कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवत नसत. लाकडाची फळी हातात आली की ती सरळ आहे की वाकडी हे पाहण्याआधी ते ती नाकाशी नेत, डोळे मिटत आणि दुरून कोणीतरी हाक मारत असावे तसे क्षणभर स्तब्ध राहत. टपरीवरचा कागदी कप, नव्याने रंगवलेली भिंत, पाहुण्याने पुढे केलेले कार्ड, सगळ्यांना हाच न्याय. मी नवी मोटार घेतली तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना बसायला सांगितले. ते बसले, आणि दार लावण्यापूर्वीच उतरले. "सायेब, तुमी व्हा म्होरं, आमी येतो मागनं," म्हणाले, आणि त्यांच्या महाळुंग्यापासून निगडीला माझ्या घरापर्यंत आपल्या खडखडत्या मोपेडवरून माझ्या मागे आले. नव्या गाडीच्या ज्या वासाचे लोकांना कौतुक असते तो त्यांच्या मते गाडीचा घाम होता, आणि काचा लावून तो पीत बसण्याची त्यांची तयारी नव्हती. वर्षभराने एकदा त्यांनी खिडकीतून डोके आत घालून खात्री करून घेतली, आणि मग ते बसू लागले.

त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा ते मी लिहू नये तिथे लिहिले होते. पुढची सारी गोष्ट त्याचीच आहे.

भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षे लाकडी नमुने घडवले. वाळूत नमुना दाबायचा, ठसा उमटला की तो काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, असे ते काम. "माझं लाकूड मालात कुठंच नसतंय," ते सांगत, "पन मी सूतभर चुकलो तर हजार नगांत ती चूक उतरती. आन नाव लोखंडाचं खराब हुतं." निवृत्त झाल्यावर इतर लोक देवळाच्या पारावर बसतात, हे कंपन्यांच्या भंगाराच्या ढिगाऱ्यांपाशी जाऊन उभे राहू लागले.

तिथेच मी त्यांना प्रथम पाहिले. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळत असे. परदेशातून यंत्रे येत ती पाइनच्या लाकडाच्या मोठमोठ्या खोक्यांतून, आणि यंत्र बाहेर निघाले की ते खोके आमच्या दृष्टीने कचरा. भंगारवाले ते ट्रक भरून नेत. हे मात्र निवडून नेण्याची परवानगी मागायला आले. चाळीसेक फळ्या एकेक करून त्यांनी हुंगल्या, आणि अकरा घेतल्या. आम्ही चार माणसे बाजूला उभे राहून हसत होतो. त्यांनी दूर सारलेली एक फळी इतकी स्वच्छ आणि बिनगाठीची होती की मी न राहवून कारण विचारले.

"ह्याला ऑइल पाजलंय, सायेब," ते म्हणाले. "झाड मेलं म्हून लाकूड प्यायचं थांबत न्हाई. ज्याच्यात ठिवाल ते पितं, आन मग घरात बसून सोडतं."

"मग चांगल्या लाकडाला कसला वास येतो?"

"कसलाच न्हाई. वाळलं, निवलं, की लाकूड गप बसतं."

पुढे मी त्यांची खोली पाहिली तेव्हा हे वाक्य मला खरे वाटू लागले. त्यांची शेती ज्या कंपनीत गेली तिचे पाये खणले जात असताना त्यांनी उकरलेली माती मागून आणली होती आणि तिचे ठोकळे पाडून, उन्हात वाळवून भिंती उभ्या केल्या होत्या. मुलाचे काँक्रीटचे घर शेजारीच होते. पण हे आपल्या शेतातच राहत, फक्त ते शेत आता उभे होते. चैत्राच्या उन्हातही आत पंख्याची आठवण होत नसे. वारा ज्या बाजूने येतो तिकडे खालची खिडकी, ज्या बाजूने जातो तिकडे वरची. अंघोळीचे पाणी केळीला. दार पाइनच्या जाड फळ्यांचे, एकही खिळा नसलेले. "खिळा मारला म्हंजी लाकडाचा म्होरला जन्म मारला," असे ते म्हणत. त्यांच्या सगळ्या वस्तू लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या असत, म्हणजे उद्या टेबलाचे कपाट करायचे झाले तर फळी न फाटता सुटावी.

मी नोकरी सोडली ती त्यांच्या भरवशावर. रावेत-ताथवड्याकडे उंच इमारती वाढत होत्या आणि त्यांत राहायला येणारी तरुण माणसे पर्यावरणपूरक सामान मागू लागली होती. गिऱ्हाईक मी आणायचे, घडवायचे त्यांनी, असे ठरले. त्यांच्या अटी थोड्या होत्या, पण त्यांत वाकायला जागा नव्हती. त्यांच्या अंगणातल्या चिंचेखाली चारी बाजूंनी उघडी शेड होती. तिथे फळ्या विटांवर, मध्ये वारा खेळेल अशा रचायच्या आणि दोन पावसाळे हात लावायचा नाही. वरून जवसाचे तेल आणि मेण, दुसरे काही नाही. जी फळी नाकाला पसंत पडणार नाही तिच्यावर गेरूची फुली. फुलीची फळी घरात जाणार नाही, आणि जाळलीही जाणार नाही, कारण धूर शेवटी आपल्याच पोरांच्या नाकात जातो. ती कुंपणाला लावायची. उघड्यावर तिला काय सोडायचे ते सोडू द्यायचे.

शेवटची गोष्ट पेन्सिलीची. वस्तू पुरी झाली की ते ती उलटी करीत आणि खालच्या फळीवर एक ओळ लिहीत: लाकूड कोणते, कुठल्या खोक्यातले, किती पावसाळे वाळवलेले, आणि शेवटी स्वतःचे नाव.

ही ओळ गिऱ्हाइकांना फार आवडे. निगडी प्राधिकरणातल्या एका प्रदर्शनात आम्ही गाळा घेतला तेव्हा लोक स्टुले उलटी करून फोटो काढत होते. एका बाईंनी विचारले, हे ऑरगॅनिक आहे का. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "लाकूड हाय ताई, मेथीची जुडी न्हाई." त्या हसल्या आणि दोन स्टुले घेऊन गेल्या. मी तेवढ्यात त्या ओळीचा फोटो माहितीपत्रकावर छापूनही टाकला होता. तो त्यांनी हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले की ती जाहिरात नव्हे. ज्याला कधी ती वस्तू मोडायची असेल त्याला ती कशाची आहे हे कळावे, म्हणून लिहायचे असते. मी मान हलवली. ऐकले नाही.

त्याच प्रदर्शनात ताथवड्याचे एक जोडपे भेटले. दोघेही नांदेडकडचे, हिंजवडीला नोकरीला. बाईंना सातवा महिना होता. बाळासाठी कठड्याचा छोटा पलंग हवा होता, असा की मूल मोठे झाले की कठडे काढून टाकता यावेत. मिस्त्रींनी तिथेच खडूने फरशीवर त्याचे चित्र काढून दाखवले. पण चिंचेखाली पुरे वाळलेले लाकूड उरले नव्हते. ते म्हणाले, एक पावसाळा थांबा, तोवर बाळाला झोळीत झोपवा, झोळीत कोणाचे वाईट झालेले नाही. बाईंना बारशाला पलंग हवा होता. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितले की काहीतरी करू. मिस्त्रींना नंतर सांगितले की त्यांनी दुकानातून तयार पलंग घेतला.

त्याच सुमारास राजगुरुनगरला मिस्त्रींची थोरली बहीण वारली आणि ते तेरा दिवस तिकडे राहिले. त्या तेरा दिवसांत मी तो पलंग केला. दोन वर्षे त्यांच्या हाताखाली उभा राहून मला सांधे जमू लागले होते, आणि खोटे कशाला बोलू, मला तसा अभिमानही होता. लाकूड मी कुंपणासाठी बाजूला काढलेल्या ढिगातून घेतले. रंगाच्या आणि थिनरच्या पिंपांखालच्या फळ्या होत्या त्या, पण वर्षभर उन्हात पडून कोरड्या दिसत होत्या. मला तरी वास आला नाही. खरे असे की मी नाक फार जवळ नेले नाही. प्रत्येक फळीवर गेरूची फुली होती. रंध्याचे दोन हात मारले आणि फुली गेली. खालून लाकूड लोण्यासारखे निघाले. मग पलंग उलटा करून मी त्यांच्यासारख्या तिरक्या, दाबून काढलेल्या अक्षरांत लिहिले की हे पाइन आहे, यंत्राच्या खोक्यातले आहे, दोन पावसाळे वाळवलेले आहे. आणि खाली त्यांचे नाव.

हिवाळ्यात बाईंचा फोन आला. खिडक्या लावल्या की बाळाच्या खोलीत कसलातरी वास भरतो, म्हणाल्या. मी अत्यंत शांतपणे सांगितले की नैसर्गिक लाकडाला असा वास असतोच, हळूहळू जाईल. आयुष्यात मी मोठ्या आवाजात फार थोडे खोटे बोललो आहे. माझे सगळे खोटे मऊ आवाजातले आहे.

पुढच्या रविवारी ती दोघे बाळाला घेऊन न कळवता महाळुंग्याला आली. ज्या आजोबांनी पलंग केला त्यांना मूल दाखवावे आणि वासाचेही विचारावे, एवढाच हेतू. मी शेडमध्ये होतो. बाईंनी पोरीला मिस्त्रींच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आजोबा, ही झोपते तुमच्या पलंगावर."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. त्यांनी पोरीला वर उचलले आणि तिच्या टाळूवर नाक टेकले. आजोबा नातीचा पापा घेतात असे वाटून तिची आई हसली. मी मात्र ते मिटलेले डोळे ओळखत होतो. फळीपाशी थांबत त्याहून कितीतरी अधिक वेळ ते तसेच थांबले.

"ताई, झोपती का पोरगी नीट?"

"नाही ना. डोळ्यांतून पाणी येतं, नाक चोंदतं. डॉक्टर म्हणतात, धूळ असेल. आणि वासाचं विचारलं तर साहेब म्हणाले की लाकडाचा असतोच."

त्यांनी मूल आईकडे दिले, नळावर हात धुतले, टोपी घातली. "चला. मला पलंग दावा."

दहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्यांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग आम्ही दोघांनी पलंग उलटा केला. त्यांनी ती ओळ वाचली. अंगठा तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, आणि आपल्या नावापाशी थांबवला.

"माझी चूक झाली, ताई," ते म्हणाले. "हे लाकूड घरात आनायचं नव्हतं. मी घिऊन जातो."

नवऱ्याचा चेहरा बदलला. तो सुशिक्षित, सभ्य माणूस. आवाज न चढवता बोलला, पण शब्द लागायचे तिथे लागले. "आम्ही तुमच्या शब्दावर घेतला होता हा, आजोबा. लहान मूल आहे घरात. या वयात तरी असं करू नये माणसानं."

मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडले; पण मागितले ते पाणी.

परतताना टेम्पोत आम्ही शेजारी बसलो होतो, पलंग मागे. तळवड्याला त्यांनी विचारले, "गेरू जायला रंध्याचे किती हात मारले?"

"दोन," मी म्हणालो.

"दोनच," ते म्हणाले, आणि बाहेर पाहू लागले. या विषयावर त्यांनी मला एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी आपल्या खोलीचे दार उतरवले होते. चौदा पावसाळे पाहिलेले लाकूड तेवढे एकच होते. खुंट्या ठोकून काढल्यावर फळ्या जशाच्या तशा सुट्या झाल्या, आणि आठ दिवसांत त्यांचा नवा पलंग झाला. तो पोचवायला ते एकटेच गेले. मी येतो म्हणालो तेव्हा "ऱ्हाऊ द्या" म्हणाले. महिन्याभरात पोरीचे डोळे निवळल्याचे मला कळले. तिच्या त्रासाचा संबंध त्या फळ्यांशीच होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. मी त्या शंकेचा आधार कधी घेतला नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

माझ्या पलंगाच्या फळ्या सोडवून त्यांनी अंगणाचे फाटक केले. ते बसवत असताना मी धीर करून विचारले की त्या दिवशी माझे नाव का घेतले नाही. त्यांनी बिजागरीतला हात काढला नाही. "दोन वर्सं तुमी माझ्याकडं बघून शिकला. माल बिघडला की आमी आधी नमुना तपासतो, सायेब," ते म्हणाले. "नमुन्यातच कायतरी ऱ्हायलं असंल."

त्याहून कठोर शिक्षा मला कोणी दिलेली नाही; आणि त्यांनी ती शिक्षा म्हणून दिली नव्हती.

हाती घेतलेली कामे त्यांनी पुरी केली, पण खाली ओळ लिहिणे बंद केले. गिऱ्हाइके विचारत, मी काहीतरी उत्तर देई. वर्षभरात मी तो व्यवसाय बंद केला आणि पुन्हा एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो. महिन्यातून एकदा मात्र महाळुंग्याला जात राहिलो. दाराच्या जागी त्यांनी गोणपाट टांगले होते. नवे दार करू म्हटले की चिंचेखाली बोट दाखवत, वाळतंय म्हणत. आणि वाळलेले लाकूड कोणाच्या ना कोणाच्या पाळण्याला, पाटाला जाई. सूनबाई येता-जाता बोलत, "आमच्या मामंजींचं घर लई थंड हाय म्हणत्यात. असणारच. दारच न्हाई तर उन्हाळा आत कशाला थांबंल?" ते हसत, आणि माझ्यासाठी चहा सांगत.

फाटकाच्या आतल्या बाजूला, बरोबर कडीच्या उंचीवर, माझ्या अक्षरातली ती ओळ होती. मुद्दाम तशी बसवली होती की फळी तिथे बसली म्हणून, हे मी विचारले नाही. निघताना कडी काढायला हात नेला की ती वाचावीच लागे. दर पावसाळ्यात ती थोडी फिकी होई. ताथवड्याला जाऊन खरे सांगावे असे मला प्रत्येक वेळी वाटे, आणि निगडीला पोचेपर्यंत ते वाटणे निवत असे. अशी आठ वर्षे गेली.

गेल्या माघात मिस्त्री गेले. दहाव्याला मी गेलो होतो. विधी आटोपून निघालो, कडीला हात लावला, आणि सवयीने खाली पाहिले. फळी राखाडी पडली होती. अक्षर एकही उरले नव्हते. मी बोटाने चाचपून पाहिले, मग वाकून नाक टेकवून पाहिले. फळीने जे प्यायले होते ते सगळे सोडून दिले होते. मागे वळलो तर खोलीच्या दाराशी गोणपाट हलत होते. माझे खोटे पुसले गेले होते. आणि खरे अजून कुठेच लिहिलेले नव्हते. त्या एका घरात ते अजून फसवणारा म्हातारा म्हणूनच राहिले होते.

तिथून मी निगडीला न जाता सरळ ताथवड्याला गेलो.

दार बाईंनीच उघडले. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले, फुलीपासून पेन्सिलीपर्यंत, आणि पाणी मागितल्याचेही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आम्ही इथं दोघा-तिघांना सांगितलं होतं, त्यांच्याकडून काही घेऊ नका म्हणून."

मग त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कठडे निघालेले होते. पलंगावर एका बाजूला वह्यांचा ढीग होता आणि दुसऱ्या बाजूला आठ-नऊ वर्षांची मुलगी काहीतरी रंगवत बसली होती. बाईंनी तिला उठवले, गादी बाजूला केली, आणि आम्ही पलंग उलटा केला. खालची फळी कोरी होती.

"तेव्हा मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आजोबा, या वेळी खाली काही लिहिलं नाही. तर म्हणाले, ह्याचं लिवणारा येगळा हाय, येईल त्यो. मला वाटलं, असेल कोणी कारागीर. नंतर आम्ही विसरूनच गेलो."

मी लिहायला काहीतरी मागितले.

मुलीच्या कंपासमध्ये पेन्सिल होती. मी माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिले: पाइन, महाळुंग्याच्या मिस्त्रींच्या घराचे दार, चौदा पावसाळे. घडवणारे म्हणून त्यांचे नाव लिहिले. त्याखाली लिहिले की या घरातला पहिला पलंग मी केला होता, त्यावरचे नाव मी खोटे लिहिले होते. आणि माझे नाव लिहिले.

पेन्सिल परत दिली. मग, त्या दोघी पाहत असताना, मी वाकून त्या लाकडाचा वास घेतला. डोळे मिटून, बराच वेळ. कसलाच वास येत नव्हता.